ताटातील पालट आणि शेतातील पालट

गतवर्षी दिवाळीत आमच्या नेरळच्या घरी एका पंगतीस चार पिढ्या बसल्या होत्या. मातोश्री ऐंशीच्या घरात आहेत; आम्ही महसूल खात्यातील कारकुनी संपवून नुकतेच घरी बसलो आहोत; चिरंजीव नोकरीनिमित्त कल्याणास राहतात; आणि त्यांचा मुलगा तेथील शाळेत पहिलीत जातो. मातोश्रींनी त्या दिवशी नाचणीच्या भाकरीची इच्छा दर्शविली. घरात नाचणी नव्हती. ओळखीच्या चार घरी विचारले, तेथेही नव्हती. अखेर चिरंजीवांस फोन करून कल्याणच्या दुकानातून पिठाचे पाकीट आणविले.

भाकरी झाली. मातोश्रींनी ती लसणाच्या चटणीबरोबर समाधानाने खाल्ली. नातवाने "ही काळी पोळी मला नको" म्हणून ताट बाजूस सारले. चिरंजीवांनी आजीचा मान राखण्यापुरता चतकोर घेतला. आणि आम्ही? आम्ही तोंडाने नाचणीची स्तुती केली आणि भात वाढून घेतला. डोंगराच्या उतारावर आमच्याच मालकीचा वरकस तुकडा आहे. आमच्या लहानपणी त्यात नाचणी होत असे. त्या घरात नाचणी पाकिटातून यावी, आणि तीही शहरातून, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली.

जुनी पिढी नव्या पिढीस नावे ठेवते, नवी पिढी जुन्या अन्नास नाक मुरडते. हा वाद घरोघर चालतो. परंतु खाण्याची आवड ही केवळ जिभेची लहर नव्हे. शेतात काय पिकते, गिरणी ते कसे करून देते, आगगाडीने काय येते, सरकारी दुकानात काय मिळते आणि घरच्या बाईस रांधावयास किती वेळ असतो, या पाच गोष्टींवर पिढीची चव घडते. एकदा घडलेली चव पुढे उलटून शेतातले पीक ठरविते. हे चक्र कसे फिरले आणि त्यात शेतकऱ्याच्या हाती अजून काय उरले आहे, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

जुने ताट

कर्जत व खालापूर तालुक्यांतील जमीन ढोबळ मानाने दोन जातींची. खाली भातखाचरे आणि वर डोंगरउतारावर वरकस. खाचरात पावसाळ्यात भात. भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल. वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा खुरासणी असा फेर घेऊन जमीन काही वर्षे गवतास सोडावयाची, अशी वहिवाट होती. हीच पिके ताटातही क्रमाने येत. सकाळी पेज किंवा नाचणीची आंबील, दुपारी शेतावर भाकरी, रात्री भात आणि त्यावर वालाचे बिरडे किंवा सुक्या मासळीचे कालवण. पावसाच्या तोंडावर रानातून शेवळे, टाकळा, कुरडू येत, पुढे कंटोळी. शेवळे घशास खाजतात म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालावयाची, हे ज्ञान आई लेकीस देत असे. गव्हाची पोळी म्हणजे होळीची पुरणपोळी. एरवी गव्हाचे नाव नसे.

या जुन्या ताटाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. ते ताट सर्वांचे सारखे नव्हते. भात हे पीक विकून सारा भरावयाचा, सावकाराचे देणे द्यावयाचे. त्यामुळे बारमाही भात खाणे ही ऐपतीची खूण होती. वरकसावर कष्ट करणारे ठाकूर व कातकरी नाचणी आणि वरीवर राहत, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तीही संपली की कंदमुळांवर. नाचणीस कमीपणाची जी खूण चिकटली ती दाण्याच्या दोषामुळे नव्हे, खाणाराच्या गरिबीमुळे. हातात चार पैसे येताच माणसाने प्रथम नाचणी टाकली याचे नवल नाही.

गिरणीने काय केले

भाताचे तूस म्हणजे वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा. ते काढले की आत तांबूस पापुद्र्याचा तांदूळ राहतो. उखळात मुसळाने कांडला तर या पापुद्र्याचा पुष्कळ भाग दाण्यावरच राहतो. गिरणीत पॉलिश केला तर तो कोंड्याबरोबर निघून जातो व दाणा मोत्यासारखा पांढरा होतो. पांढरा दाणा डोळ्यांस बरा दिसतो, लवकर शिजतो आणि बरेच दिवस खवट होत नाही. म्हणून व्यापाऱ्यास तो आवडला आणि व्यापाऱ्यामागून खाणारासही.

त्या पापुद्र्यात काय होते हे प्रथम कोंबड्यांनी दाखविले. जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आयकमन नावाच्या डच डॉक्टरांनी पाहिले की, पांढऱ्या सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या सुधारतात. माणसांतील बेरीबेरी रोगाचे मूळ त्यातून उमगले आणि १९२९ साली त्यांस नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे, १०० ग्रॅम अनपॉलिश तांदळात ब-१ जीवनसत्त्व सुमारे ०.२७ मिलिग्रॅम असते. पॉलिश केलेल्यात सुमारे ०.०५, म्हणजे पंचमांशही राहत नाही. अलीकडच्या वर्षांत सरकारी दुकानातील तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ घातलेले कृत्रिम दाणे मिसळले गेले. त्यांस "प्लास्टिकचा तांदूळ" समजून कित्येक गृहिणी वेचून टाकतात. ते टाकू नयेत; ते खाण्याचेच दाणे आहेत. तथापि दाण्यावरचे एक सत्त्व गिरणीत काढावयाचे आणि दुसरे कारखान्यात घालावयाचे, हा मार्ग लांबचा आहे एवढे खरे.

येथे मातोश्रींचे म्हणणे नमूद केले पाहिजे. हातसडीच्या तांदळाची आम्ही वाखाणणी करू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, तुला तो तांदूळ आठवतो, मला पहाटेचे मुसळ आठवते. गिरणी आली तेव्हा आम्ही बायकांनी देवापुढे साखर ठेवली होती." हे बोलणे आम्ही विसरलो नाही. ज्या सुधारणेने घरच्या बाईच्या खांद्याचे ओझे उतरले ती मागे फिरविण्याचा सल्ला देणे हे पुरुषांचे आयते शहाणपण होय. जे काही परत आणावयाचे ते गिरणीच्या साह्यानेच आणले पाहिजे.

आगगाडी, डबा आणि शिधापत्रिका

कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, तेव्हापासून नेरळ मुंबईच्या हाताशी आले. १९०७ साली माथेरानची छोटी गाडी धावू लागली. आमचे भात, गवत, लाकूड गाडीने मुंबईस जाई. आणि मुंबईची चव त्याच गाडीने इकडे येई. पोळीभाजी आमच्या घरांत रुजली ती मात्र एका अगदी साध्या कारणाने. ते कारण म्हणजे डबा.

तांदळाच्या किंवा नाचणीच्या पिठात कणीक धरून ठेवणारे प्रथिन नसते. उकळत्या पाण्याने पिष्ट फुगते व त्याच्या चिकटपणावर भाकरी थापता येते. पण थंड झाली की ते पिष्ट पुन्हा आवळते आणि भाकरी ताठ होऊन मोडते. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन आहे. पाण्याबरोबर मळले की त्याचे लवचीक जाळे बनते. म्हणून सकाळी सहास लाटलेली पोळी दुपारी एकासही मऊ राहते. पहाटेची लोकल गाठून मुंबईस जाणाऱ्या माणसाच्या डब्यास भाकरी टिकली नाही, पोळी टिकली. शिवाय पोळ्यांची चळत एकदाच लाटून ठेवता येते. भाकरी मात्र गरम वाढावी लागते, म्हणजे कोणीतरी चुलीपाशी बसून राहिले पाहिजे. घरातील सून स्वतःच लोकल गाठू लागल्यावर भाकरीचा निकाल लागलाच. यात चवीचा प्रश्न नव्हता, वेळेचा होता. परंतु वेळेने जे लादले ते पुढच्या पिढीस चव म्हणून आवडू लागले.

दुसरा धक्का टंचाईचा. मुंबई शहर ब्रह्मदेशाच्या तांदळावर पुष्कळ अवलंबून होते. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, ती आयात बंद पडली आणि १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. भात खाणाऱ्या लोकांस गहू व इतर धान्ये घेणे भाग पडले. पुढे १९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार होऊन परदेशी गहू येऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात मिलो नावाची लाल ज्वारी आली. तिची भाकरी आम्ही सहा-सात वर्षांचे असताना खाल्ली आहे आणि तिची चव अजून विसरलो नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ तीन रुपये व गहू दोन रुपये किलो झाला, आणि जानेवारी २०२३ पासून पात्र कुटुंबांस तो विनामूल्य मिळतो. कायद्यात भरडधान्य एक रुपया किलो लिहिलेले होते. पण आमच्या बाजूस दुकानातून नाचणीची पिशवी घरी नेलेला मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. ज्या वाडीत पूर्वी नाचणी-वरी खात तेथेही आता पांढरा तांदूळच शिजतो.

या धान्याची निंदा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. उपाशी पोटास त्याने तारले आहे. सांगावयाचे ते इतकेच की, फुकट आलेल्या धान्यापुढे उतारावर घाम गाळून पिकविलेली नाचणी टिकणे कठीण होते, आणि ती टिकली नाही.

जिभेचाही अधिकार असतो

येथवर वाचून कोणास वाटेल की खाणारा केवळ वाहत जातो. तसे नाही. १९६६ साली फिलिपाइन्समधून आय. आर. ८ हे बुटके, भरघोस पिकणारे भात आले. उत्पन्न मोठे, परंतु दाणा जाड व पोटाशी पांढरट, गिरणीत कणी फार पडे आणि भात निवला की कडक होई. लोकांनी ते पिकविले, पण ताटात त्यास प्रेमाने घेतले नाही. १९६८ साली जया आले, पुढे रत्ना आले; रत्नाचा दाणा बारीक असल्याने ते घरांत रुळले. आपल्या कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे. दापोलीचे कृषि विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाल्यावर ते त्याच्याकडे आले. तेथून कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ यांसारखी वाणे बाहेर पडली. त्यांत कर्जत-३ आखूड जाड दाण्याचे आणि कर्जत-७ लांब बारीक दाण्याचे, अशी निवड ठेवावी लागली याचे कारण शास्त्रज्ञांसही खाणाराच्या जिभेपुढे मान तुकवावी लागते. पालघर जिल्ह्यातील वाडा कोलमास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही शहरातील ग्राहकाने त्या चवीचे नाव लक्षात ठेवले म्हणूनच.

वरीचे उदाहरण याहून बोलके आहे. वरकसातून नाचणी व वरी दोन्ही उठल्या. पण बाजारातून वरी उठली नाही. कारण एकादशीस व महाशिवरात्रीस वरीचे तांदूळ लागतातच, मग घर मुंबईतील असो वा खेड्यातील, म्हातारे असो वा तरुण. नाचणीस पंचांगात असा दिवस नव्हता, म्हणून ती ताटातून गेली. ज्या अन्नास ठरलेला वार असतो ते पिढ्या ओलांडते. ज्यास नसतो ते पहिल्या अडचणीबरोबर सुटते. या लेखातील एवढी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवली तरी पुरे.

आमच्या दप्तराची साक्ष

सेवेतील काही वर्षे आम्ही तलाठी सज्जावर काढली. गाव नमुना नंबर बारा म्हणजे पिकांची नोंदवही. जुन्या वह्या चाळल्या तर वरकसाच्या गटांपुढे नाचणी, वरी, तीळ, खुरासणी अशी नावे दिसत. पुढे पुढे त्या रकान्यात "गवत" आणि "पड" हे दोनच शब्द राहिले. पायथ्याशी भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. तेथून सुटणारे पाणी राजनाल्याने ज्या गावांस मिळते तेथे वालाच्या जागी उन्हाळी भात आले. आणि आता कित्येक गटांवर "बिनशेती" हा शब्द चढला आहे. ताटातून जे उठले ते रकान्यातून उठले, असे ही वही सांगते.

परंतु या साक्षीत आमचा स्वतःचा दोष मिसळलेला आहे, आणि तो कबूल करणे प्राप्त आहे. पीकपाहणीस प्रत्येक गटावर पायाने जावे असा नियम. भर पावसात डोंगर चढून कोण जाणार, म्हणून वरच्या गटांपुढे आम्ही मागील वर्षाचा शब्द पाहून "गवत" लिहून टाकीत असू. तेथे एखाद्या कुटुंबाने चार गुंठे नाचणी लावली असेल तर ती कागदावर कधीच उगवली नाही. कागदावर पीक नाही म्हणून नुकसान झाले तरी पंचनाम्यात नाव नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली असून शेतकरी स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह नोंद करू शकतो. ती सोय आमच्या वेळी नव्हती हे खरे; पण पाय तर होते.

शहराची उलटी वाट

आता चक्र दुसरीकडून फिरू लागले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी इत्यादींस पौष्टिक तृणधान्ये असे नाव दिले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी जागतिक भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. शहरात नाचणीची बिस्किटे, नाचणीचे डोसे, हातसडीचा तांदूळ विकला जातो. आमच्या नेरळ-कर्जत भागात सुटीच्या घरांवर येणारी मुंबईची मंडळी चुलीवरची भाकरी व रानभाजी मागतात आणि तिचे चांगले पैसे देतात. त्याच वेळी भाकरी वाढणाऱ्या घरातील मूल पाव आणि दोन मिनिटांच्या शेवया खाते, व शाळेच्या डब्यात भाकरी नेण्यास लाजते. श्रीमंताने टाकलेले गरिबाने उचलावे आणि गरिबाने टाकलेले श्रीमंताने, असा हा उलटा बाजार आहे.

शहरास जे कळले त्यास आधार आहे. वर सांगितलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅम तंतू आहेत. पॉलिश तांदळात अनुक्रमे सुमारे साडेसात मिलिग्रॅम आणि तीन ग्रॅमांहून कमी. वाढत्या मुलाच्या हाडांस व वृद्ध स्त्रीच्या कंबरेस हा फरक लहान नाही. तथापि नाचणी म्हणजे मधुमेहाचे औषध, असे जे पाकिटांवर सूचित केलेले असते त्यावर भुलू नये. नाचणीतही पिष्टच मुख्य आहे; चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच. भाताचा काही भाग कमी करून त्या जागी भाकरी घ्यावी आणि बरोबर वाल, मासळी, पालेभाजी ठेवावी, इतकेच खरे पथ्य.

मुलाची चव कशी बनते

आमच्या नातवास नाचणी आवडली नाही यात त्याचा दोष किती? अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मेनेला नावाच्या संशोधक बाईंनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांस गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, काहींस अंगावर पाजण्याच्या काळात गाजराचा रस दिला. पुढे त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा अधिक राजीखुशीने घेतली. म्हणजे आईने जे खाल्ले त्याची ओळख मुलास दात येण्यापूर्वीच होते. दुसऱ्या काही प्रयोगांतून असे दिसले आहे की, नको म्हटलेला पदार्थ जबरदस्ती न करता आठ-दहा वेळा थोडा थोडा पुढे ठेवला तर पुष्कळ मुले तो घेऊ लागतात. नातवापुढे आम्ही भाकरी सहा वर्षांत एकदा ठेवली, आणि त्याने ती आवडीने खावी अशी अपेक्षा केली. दोष कोणाचा हे उघड आहे.

कर्तव्य काय

प्रथम, वार ठरवावा. आठवड्यातून एक दिवस, सोमवार असो वा शनिवार, घरात नाचणीची भाकरी किंवा आंबील व्हावी. ज्या दिवशी डबा नसतो तो दिवस सोयीचा. मुलांकरिता आरंभी तांदळाच्या पिठात चौथा हिस्सा नाचणी मिसळावी, किंवा गूळ घालून आंबील द्यावी. हळूहळू प्रमाण वाढवावे.

दुसरे, घरापुरती तरी नाचणी लावावी. रोपे करून लावणी केल्यास हेक्टरी चार ते पाच किलो बियाणे पुरते. म्हणजे गुंठ्यास चाळीस-पन्नास ग्रॅम, मुठीत मावेल इतके. जूनमध्ये रोप टाकावे व तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की उतारावर लावावे. गुंठ्यास दहा किलो हा बेताचा अंदाज धरला तरी पाच गुंठ्यांत पन्नास किलो, म्हणजे वर्षभर आठवड्यास जवळजवळ एक किलो होते. एका कुटुंबाच्या ठरलेल्या वारास तेवढे पुरते. विद्यापीठाचे दापोली-१ हे वाणही आहे. अडचणी लपवीत नाही: करपा पडतो, पाखरे कणसांवर बसतात, आणि रानडुकरे एका रात्रीत पीक लोळवितात. शेजारच्या चार-पाच जणांनी लागून लागवड केली तर राखण वाटून घेता येते.

तिसरे, घरच्या खाण्याचे भात गिरणीत देताना "एकदाच पॉलिश" असे स्पष्ट सांगावे. असा तांदूळ पापुद्र्यातील तेलामुळे लवकर खवट होतो. सबब महिन्या-दोन महिन्यांपुरतेच भात भरडून घ्यावे, उरलेले कणगीत किंवा पोत्यात राहू द्यावे.

चौथे, जेथे उन्हाळी पाणी नाही तेथे वालाची ओल वाया जाऊ देऊ नये. वाल जमिनीस नत्र देतो आणि ताटास प्रथिन देतो; भातखाऊ घरास दोन्हींची गरज आहे.

पाचवे, जे लावाल त्याची मोबाइलवर नोंद करा. कागदावर नसलेल्या पिकास सरकारदरबारी अस्तित्व नसते, हे आमच्याइतके दुसरे कोण जाणतो?

शेवटी आमचा स्वतःचा अनुभव. यंदा मृगापूर्वी नाचणीचे बी शोधीत आम्ही वरच्या ठाकूरवाडीत गेलो. आमच्या घरचे जुने वाण केव्हाच नाहीसे झाले होते. एका वृद्ध गृहस्थांनी शिंकाळ्यातील मडक्यातून ओंजळभर बी काढून दिले. आम्ही पैसे पुढे केले. ते न घेता ते हसून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या कागदावर तर इथे गवतच लिहिलेले असते. मग हे गवताचे बी समजून घेऊन जा." आम्ही खाली मान घालून बी घेतले. इतकी वर्षे आमच्या लेखी जे पीक नव्हते त्याच्याच बियाण्याकरिता आम्ही त्यांच्या दारात उभे होतो.

तीन गुंठे लावणी केली. डुकरांनी एक कोपरा नेला. बाकीची सव्वीस किलो घरी आली. त्यातील पहिली ओंजळभर बी आम्ही वाडीत परत नेऊन दिली. मातोश्रींनी पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून पाहिला आणि चव जुनीच आहे असा निर्वाळा दिला. नातू दर शनिवारी येतो. त्याने पाचव्या खेपेपर्यंत भाकरी नाकारली. सहाव्या खेपेस तूप-गूळ लावून अर्धी खाल्ली, आणि सातव्या खेपेस पुन्हा नाकारली. आम्ही नाउमेद झालो नाही. आमची स्वतःची मात्र भात वाढून घेण्याची सवय आता शनिवारपुरती सुटली आहे.

ज्या वाचकांस पाच-दहा गुंठ्यांची वरकस पडीक आहे त्यांनी पुढील मृगास हा प्रयोग करून पाहावा. ज्यांच्याकडे नाचणीचे किंवा वालाचे जुने घरचे वाण अजून आहे त्यांनी मंडळीच्या कचेरीत तसे कळवावे, म्हणजे ज्यांस हवे त्यांस ते मिळण्याची सोय करिता येईल. वाण मडक्यात आहे तोवर उशीर झालेला नाही.